पडवीतली गादी

गंधार,

तू आंघोळीला गेलास तेवढ्यात लिहितेय. रेवाला डोस द्यायला आई नि मी रिक्षाने निघालोय. चिठ्ठी तुझ्या हेल्मेटात ठेवते. या घरात तेवढी एकच वस्तू तुझ्याशिवाय कोणी उचलत नाही.

वेगळं राहायला मिरजोळ्याचा फ्लॅट घ्यायचा की नाही, ते आज दुपारपर्यंत कळवायचंय. फ्लॅटवाल्या पालकरांचा फोन मघाशी आला होता, मी कट केला. आई शेजारीच भाजी निवडत होत्या.

खोलीत उकडतं म्हणून पडवीत झोपते, असं आईंनी तुला सांगितलं ना? या पावसात कुणाला उकडेल? मला म्हणाल्या, "माजघरात सगळ्यांची ये-जा, पोर निजणार कशी? घे गो माझी खोली. दार लाव नि जरा स्वस्थ बस." सुताराला बोलावून आतून कडीसुद्धा बसवून घेतली. फ्लॅटचं त्यांच्या कानावर गेलंय का, ते चेहऱ्यावरून कळेना, आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

रेवा झाल्यापासून मला हेच तर हवं होतं. काल दुपारी दार लावलं, ती लगेच झोपली, आणि मी पडवीतल्या खोकल्याकडे कान लावून बसले.

पालकरांना हो म्हटलं तर आईंच्या तोंडाकडे कशी बघू? नाही म्हटलं तर त्या पावसाळाभर पडवीत. तूच काय ते कळव, मला दोन्ही जमत नाहीये.

वाचून फाडून टाक. आणि निघताना पडवीचं प्लॅस्टिक खाली सोड, गादीवर झड येते.

उर्वी