पहिला डोळा घरच्या माणसाचा

३ एप्रिल

पोहोचलो एकदाचे. विमानात माझे पाय सुजले, पण तोंड काही मिटलं नाही, असं नात म्हणते. तिला परदेशात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. सून म्हणाली, पोरीला एकटी पाठवणार नाही. मुलाला रजा नाही. रिकामा राहिलो मी, म्हणून सामानाबरोबर म्हाताराही बांधून दिला. कार्यशाळेच्या वरच दोन खोल्या आहेत. जिना अरुंद, पण कठडा मजबूत. नळाला गरम पाणी. नातीने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि विचारलं, आबा, कसं वाटतंय. म्हटलं, राजासारखं. खरंच वाटलं.

५ एप्रिल

खाली कृत्रिम डोळे बनवतात. अपघातात किंवा आजारात ज्याचा एक डोळा गेला, त्याला समोर बसवून चांगल्या डोळ्याबरहुकूम दुसरा रंगवायचा. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे धागे सुटे करून शिरा बसवतात. रंग फक्त दिवसाच्या उजेडात जुळतो, म्हणून खिडकीजवळची खुर्ची शिकाऊ माणसाला.

ही जागा नातीने स्वतःच शोधली. वर्षभर जागोजागी लिहीत होती, कोणी दाद देईना. शेवटी आईचा, बापाचा, वॉचमनचा, अशा सगळ्यांचे डोळे शर्टाच्या बटणांवर रंगवून फोटो पाठवले. इथल्या मास्तरने दुसऱ्या दिवशी फोन केला. काम पसंत पडलं तर तो तिला कायमची ठेवून घेणार आहे. पोरीचं आयुष्य मार्गी लागेल.

बटणांवर चालला तो ब्रश माझा. सातवीत शाळा सुटल्यापासून मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हात थरथरू लागला तेव्हा ब्रश तिला दिले. हे मास्तरला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

९ एप्रिल

इथली एक रीत आहे. शिकाऊ माणसाने पहिला डोळा घरच्या माणसाचा करायचा, आणि शिक्षण संपेपर्यंत तो आपल्या टेबलावर ठेवायचा. मास्तरचं म्हणणं, परक्याच्या डोळ्यात नुसता रंग दिसतो, घरचा माणूस आपल्याकडे कसा बघतो तेही दिसतं. तेव्हा नातीसमोर मी बसतो. मास्तरने बजावलं की तिच्या तोंडाकडे बघायचं, हाताकडे नाही. जिथे बघाल ते डोळ्यात उतरतं. इथल्यांचं बोलणं नातच मला मराठीत सांगते. हेही तिने समजावलं आणि वर म्हणाली, आबा, जरा प्रेमाने बघा, वीजबिल आल्यासारखं नको.

१२ एप्रिल

हाताकडेच बघत बसलो. काय करणार. ब्रश टेकवण्याआधी करंगळीचा आधार घेते, ती लकब माझी. मास्तर मागे उभा राहून तिचं कौतुक करतो. पुढच्या खोलीतली बाई, जी गिऱ्हाइकांच्या वेळा ठरवते, तीही येऊन बघून जाते. मी शिडीवर उन्हात जन्म काढला. खाली उभं राहून कोणी वाहवा म्हणालं नाही, अक्षर वाकडं आहे एवढं मात्र सगळे सांगायचे. आपलीच नात आहे, मला माहीत आहे. तरी पोटात दुखतं.

१४ एप्रिल

डोळा झाला. हुबेहूब. मोतीबिंदूची झाकसुद्धा धरली आहे. बाई म्हणाली, हा पालथा ठेव गं, हावरट बघतो मेला. मास्तर म्हणाला, रीत म्हणजे रीत. नात म्हणाली, आमच्या आबांना भूक लागली की ते असेच दिसतात. सगळे हसले. मीही हसलो. डोळा टेबलावरून तिच्या हातांकडे बघत होता.

२० एप्रिल

नातीचा हात थरथरतो. बाई म्हणते थंडीने, मास्तर म्हणतो झोप कमी. तिच्या ब्रशने आज दोन बुबुळं बिघडली. वर येऊन मी चहाचा कप उचलला, तर चहा हललासुद्धा नाही. कितीतरी वर्षांनी कप एका हाताने धरला.

२३ एप्रिल

नात म्हणाली, आबा, एवढी बुबुळाची कड मारून द्या, गिऱ्हाईक उद्या येणार आहे. मारली. एका दमात. मास्तरने तो डोळा उजेडात फिरवून बघितला आणि नातीची पाठ थोपटली. तिने लगेच सांगितलं, मी नाही, आबांनी. मास्तर माझ्याकडे वळला आणि म्हणाला, तुम्ही इतके दिवस कुठे लपला होता. दिवसभर जेवायची आठवण झाली नाही.

२७ एप्रिल

ती बरी होईपर्यंत खुर्ची मला दिली आहे. पाठीशी उशी तिनेच कोपराने सरकवली. म्हणाली, मजा आहे बुवा तुमची, या वयात इंटर्नशिप. डॉक्टरला तिच्या हातात काही सापडत नाही. चमचा धरवत नाही, मी भरवतो.

मला कळतंय. मी काही खुळा नाही. आज तो डोळा खिशात घातला, नाल्यात टाकायला निघालो. दारापर्यंत गेलो आणि माझी बोटं पुन्हा थरथरू लागली. तिने वरून हाक मारली, आबा, बघा, माझी मूठ मिटतेय.

परत फिरलो. डोळा जागेवर ठेवला.

३० एप्रिल

हात आहे, पण नजर नाही. रेशमाचे धागे धूसर दिसतात. मास्तर कुरकुरला. नात दारातूनच सांगते, डावीकडचा धागा सुटलाय. एवढ्या लांबून. हातांना काम नाही, तर असले डोळे घेऊन ती करणार काय—

हे लिहायला नको होतं.

२ मे

मास्तर म्हणतो, खुर्चीवर बसलात तर रीत तुम्हालाही. पहिला डोळा घरच्या माणसाचा. इथे घरचं माणूस एकच.

मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

तिला हौस. बाईकडून केस विंचरून घेतले.

४ मे

धागे स्पष्ट दिसू लागले. एकेक. चष्म्याशिवाय लिहितो आहे.

तिने विचारलं, ढग आलेत का. मी हो म्हटलं.

ऊन आहे. टेबल तापलंय.

५ मे

शिरा झाल्या. कड झाली. मास्तर म्हणतो असं काम त्याने उभ्या जन्मात— खुर्ची कायमची, म्हणतो. माझी.

राहिली फक्त बाहुली. मधला काळा ठिपका.

आता उठायचं. ब्रश खाली ठेवायचा म्हणून तर वही घेतली—

ठेवला नाही. एका हाताने लिहितोय, दुसऱ्यात—

ती चाचपडते आहे. आबा, समोरच आहात ना. हो बाळा. हलू नकोस.

किती स्वच्छ दिसतं. तिच्या पापणीचा केस न् केस—

म्हणते, झाला की पहिल्यांदा मला दाखवायचा हं. दाखवीन म्हटलं. उठतो. एवढा ठिपका टेकवला की—