दिल्लीची बाटली

कुरवंडे,
१२ ऑक्टोबर १९४९

प्रिय रखमादादा,

भात पिवळं पडू लागलंय. आबांचा खोकला कमी आहे. ठाकरवाडीच्या बारकूच्या लेकीचं, बायाचं लग्न कधी, असं तू विचारलंस. ते अजून ठरलेलं नाही.

त्यांच्यात दोन्ही बापांनी एका द्रोणातून दारू प्यायल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही, हे तुला ठाऊक आहेच. दारूबंदी आल्यावर मोहाची भट्टी लावणार कुठे? म्हणून पलटणीत परतताना तू त्याला कँटीनची रम दिलीस आणि वर सांगितलंस, "ही दिल्लीची हाय. मुंबईचा शिपाई हिला हात लावायचा न्हाई." हे बारकूने मला सांगितलं, फौजदाराला नाही. शिपाई आले तेव्हा पाहुणे करवंदीच्या जाळीत पळाले. बारकू तेवढा पाटावर बसून राहिला. बाटली पुढे करून म्हणाला, हिच्यावरची चिठ्ठी वाचा की साहेब.

तुझं निम्मं बरोबर होतं. कायदे करायच्या विषयांत फौज दिल्लीच्या यादीत येते, बंदरात उतरणारा परदेशी मालही दिल्लीच्याच. पण दारू गाळणं, बाळगणं, विकणं हे प्रांताकडे आहे. तुमच्या कँटीनला सूट आहे, ती मुंबई सरकारनेच दिलेली आणि तिथल्या लोकांपुरती. बारकूच्या अंगणात ती बाटली इतर कुठल्याही बाटलीसारखीच. कायदा मला नकोसा आहे असं समजू नकोस. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याने उठवलेले झुंबरबाईच्या पाठीवरचे वळ मी शेकले आहेत. ही बंदी मला हवी आहे.

पण फौजी बाटली ठाकराकडे आली कशी, म्हणून फौजदाराने चोरीचं कलमही लावलं आहे. मी वडगावच्या कोठडीत जाऊन बारकूला म्हटलं, बाटली देणाऱ्याचं नाव सांग. तो म्हणाला, "सोयरिकीची बाटली देणारा पोरीचा मामा झाला, ताई. मामाला कोर्टात कसा उभा करू?" चोराची पोर आम्हाला नको, असा मुलाकडचा निरोप आला आहे.

दारू बाळगल्याची शिक्षा त्याला होईल, आणि ती मला मान्य आहे. चोरी मात्र त्याने केलेली नाही. २४ तारखेला वडगावच्या कोर्टात सुनावणी आहे. तुझी हवालदारकी जाऊ शकते, हे मला कळतं. आबांना अजून काही सांगितलेलं नाही. रजा काढून ये आणि तुझ्या तोंडाने सांग. ती बाटली तुझ्या ट्रंकेत मी पाहिली होती. तू आला नाहीस, तर मी साक्षीला उभी राहीन. तुला आधी कळावं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
द्वारका