धुतलेली बाटली

अहो,

'प्रिय' लिहायचं म्हणून ऋतुजा हटून बसली होती. मी म्हटलं, जन्मभर तोंडाला 'अहो'च्या पुढं काही आलं नाही, आता तुम्ही गेल्यावर कशाला लाडात येऊ? मी सांगते आहे, तुमची नात लिहिते आहे.

आजच का? भ्या वाटतंय म्हणून.

शहराचं सांडपाणी साफ करून नदीत सोडायच्या तुमच्या त्या केंद्रातच ऋतुजा नोकरीला लागली आहे. चार दिवस तिथलं हवा मारायचं मशीन बंद आहे. पाणी आलं तसं काळंच नदीत जातंय. आणि साहेब तिला म्हणतात, "दुरुस्ती होईस्तोवर तपासणीच्या बाटलीत नळाचं पाणी भर." पोरीची नोकरी अजून कच्ची. चहा पिताना हे बोलली आणि मी बशी तशीच खाली ठेवून तिला कागद-पेन आणायला लावलं.

का, ते तुम्हाला ठाऊक नाही. एकदा तसलीच तपासणीची बाटली लॅबमध्ये द्यायच्या आधी तुम्ही जेवायला घरी आला होता. मी पिशवीत बघितलं, पाणी गढूळ, वास मारणारं. वाटलं, असली बाटली घेऊन माझा माणूस साहेबापुढं उभा राहणार? राखेनं घासली, नळाखाली भरली, पुसून ठेवली. तुम्ही पिशवी उघडूनही बघितली नाहीत.

रिपोर्ट झकास आला. तुम्ही पेढे आणलेत. मीही खाल्ले की.

त्याच आठवड्यात खाली शिरोळकडं, नदीचंच पाणी पिणाऱ्या आपल्या लेकीच्या, कांताच्या घरी सगळ्यांना जुलाब. तिची तान्ही दहा दिवस सलाईनवर. वाचली. बाटलीमुळंच झालं असं कोण सांगणार? पण बाटलीमुळं नाही, असं तरी कोण सांगणार?

तुम्ही म्हणायचात, "आपलं पाणी कृष्णेतनं पार समुद्राला जातंय. तिथं खाडीत माशांची पिल्लं वाढत्यात." मी म्हणायची, "मग त्या पावण्यांना आमचा रामराम सांगा." तुम्ही हसत नव्हता. समुद्रापर्यंतचं शिकवलंत, पिशवीतल्या बाटलीला हात लावू नको एवढंच कसं सांगितलं नाहीत?

ऋतुजाचा पेन थांबलाय. "आज्जी, हे पण लिहू?"

"लिही की. गाळलंस तरी मला कळायचं न्हाय, पण गाळू नगंस."

"मी नळाचं न्हाय, खरं काळं पाणीच भरून देणार हाय."

"आणि नोकरी गेली तर?"

"तर घरात बसून तुझी पत्रं लिहीन." हसली, आणि पेन पुन्हा कागदावर टेकवला.

मघाशी कांताला फोन केला, पाणी उकळून प्या म्हटलं. तर म्हणते, "आई, काचेगत स्वच्छ दिसतंय की. उगंच भितीस." बाटलीचं सांगितल्याशिवाय ती ऐकायची नाही.

तर वचन देते. उद्या पहिल्या एस्टीनं जाते आणि तिला सगळं सांगते. मग ती जन्मात माझं तोंड बघेना का, तिच्या गॅसवर पाण्याचं पातेलं चढेपर्यंत मी दारातून हलणार नाही.

तुमची,
कांताची आई