सेल्सोच्या खुणा

३ जून
पोचले एकदाची! पुढे पिठाची पोती लादलेलं खेचर, मागे एकसष्ट वर्षांची मी, धापा टाकत आणि तरी गुणगुणत. अभयारण्यातलं हे आश्रयघर उन्हाळाभर माझ्याकडे. गिर्यारोहकांना गरम सूप, घेवड्याची उसळ, कोरडी पांघरुणं. समोर चुनखडीचे सुळके. संध्याकाळी अंगणापर्यंत रानशेळ्या आल्या. एक पिल्लू आईच्या पोटाखालून माझ्याकडे बघत होतं. कॉन्व्हेंटातल्या मदर इन्माकुलादा सांगायच्या, रोजनिशीत आधी कौतुक लिहावं, तक्रार शेवटी. आज तक्रार नाही.

७ जून
आज आहे. बेलार्मिनो आला होता. तो आणि माझा नवरा सेल्सो, दोघे इथले वाटाडे. वरच्या पठारावर पायवाट उमटत नाही, नुसता खडक आणि त्यात विहिरीसारखी खोल भोकं. धुक्यात माणूस जगतो तो वाट दाखवणाऱ्या दगडांच्या ढिगांवर. जाणारा प्रत्येक जण त्यावर एक दगड ठेवतो. काढत कुणी नाही. एकतीस वर्षांपूर्वी बेलार्मिनोनं सेल्सोचे ढीग लाथेनं उडवले, गिऱ्हाइकं आपल्याकडे यावीत म्हणून. सेल्सो धुक्यात भोकात पडला, अजून खालीच आहे. लोक अपघात म्हणाले. गेल्या हिवाळ्यात गुत्त्यात हा स्वतःच हसत हसत बरळला, ते माझ्या नणंदेनं ऐकलं. म्हणून तर मी ही नोकरी मागून घेतली.
मला म्हणाला, "काय गं एतेल्विना, नन व्हायची होतीस ना? झालीस भटारीण! उसळीत मीठ घाल हो, डोळ्यांतलं पाणी नको."
मी हसले आणि त्याला आणखी एक पळी वाढली.

१२ जून
दर गुरुवारी तो एकटा पठार ओलांडून आपल्या गुहेत मुरायला ठेवलेलं चीज उलटवायला जातो. बाकीच्यांना मी खालच्या वाटेनं धाडलं. वर पिलांवाली अस्वलीण आहे म्हणून सांगितलं. मग सात ढीग हलवले. प्रत्येक थोडा थोडा डावीकडे, शेवटचा भोकाच्या तोंडाशी. सेल्सोनं पहिल्यांदा रचलेलेच दगड ते, लोकांनी पुन्हा उभे केलेले. तो तळाचा दगड नेहमी आडवा लावायचा. त्या दगडाचा मुका घेतला.

१५ जून, गुरुवार
धुकं. बेलार्मिनो कॉफी पिऊन निघाला. थांब म्हणता आलं असतं. बराच वेळ त्याची शीळ ऐकू येत होती, मग नाही. मी दोन अंडी तळली आणि चवीनं खाल्ली.

१७ जून
अभयारण्याचे रक्षक त्याला शोधून गेले. त्यांना विचारावं लागलं नाही, मीच म्हणाले की अशा धुक्यात म्हाताऱ्यानं जायला नको होतं. ते गेल्यावर ढीग जागेवर लावायला वर गेले. सातांतला एकही नाही. नव्या जागीही नाही, जुन्या जागीही नाही. भोकावर डोंगरकावळे घिरट्या घालत होते.

१९ जून
आश्रयघरापासून पन्नास पावलांवर एक ढीग. काल नव्हता. तळाचा दगड आडवा. मी आनंदानं रडले. वाटलं, सेल्सो माझे आभार मानायला आलाय.

२० जून
आता तीस पावलं. ऊन कडक, तरी दगड ओले, तळघरातल्यासारखे गार. पाडून टाकला. रानशेळ्या अंगणात येत नाहीत.

२१ जून
दाराशी. आभार नव्हेत. सेल्सोनं वैऱ्यालासुद्धा कधी खोटी खूण दाखवली नव्हती. मी त्याच्याच दगडांना खोटं बोलायला लावलं. आज खाली गावात जाते, पाद्र्याला सगळं सांगते. मग रक्षकांना —

दुपारी
धुकं. पायाखालची वाट गेली. ढीग आहेत, एकामागून एक. त्यांच्यामागे जायचं नाही, माहीत आहे — पण दुसरं काही दिसत नाही.

खडकावर बसून लिहिते. मागे शीळ. बेलार्मिनोची — जवळ.

हाक मारली. सेल्सो, मी आहे, मी, तुझ्यासाठीच केलं ते. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज — पुढे —

सातवा ढीग. मागचे सहा नाहीत. समोर गार वारा, खालून वर —

हात लावला. दगड कोमट आहे. आत्ताच कुणीतरी ठेव