मायनरला उर्दू

आई, मी पुन्हा कॉलेजात जाते. एकेचाळिसाव्या वर्षी. वर्गातल्या पोरी मला मावशी म्हणतात. दिवसभर शहरातल्या आरोग्य केंद्रात नर्स आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक आरोग्याची पदवी, असं चाललंय. तुझ्या नर्सिंगला सगळ्यांना एकच अभ्यास होता. इथं माप देऊन कपडा शिवून घ्यावा तशी पदवी बेतता येते. एक विशेष शाखा निवडायची, शिवाय दुसऱ्या विभागातला एक जोडविषय, त्याला मायनर म्हणतात. विशेष शाखेला मी माता-बाल आरोग्य लिहिलं. मायनरपुढं उर्दू लिहिलं, तसा विभागात अर्ज तपासणाऱ्या सरांनी तो माझ्याकडं परत सरकवला. "बाई, संख्याशास्त्र घ्या. नाहीतर रुग्णालय व्यवस्थापन. उर्दूचं आरोग्यात काय काम?" मी अर्ज घेऊन घरी आले.

मागच्या वर्षी आमच्या केंद्राकडच्या बस्तीत एक मुलगी पहिलटकरीण होती, आठवा महिना. मी तिच्याकडं गेले तेव्हा बीपी थोडं वाढलेलं. छापील कागदावरचे धोक्याच्या लक्षणांचे प्रश्न मी माझ्या सरकारी हिंदीत विचारत गेले. दृष्टीत धूसरपणा आहे का, अमुक आहे का, तमुक आहे का. ती प्रत्येकाला "नै" म्हणत होती. मी पुढच्या आठवड्याची तारीख देऊन उठले. चौथ्या दिवशी तिला झटके आले. ती वाचली, बाळ नाही वाचलं. दवाखान्यात भेटायला गेले तर तिनंच माझा हात धरला. म्हणाली, "बाजी, आप क्या पूछे मेरे कू समझाच नै. फिर से पूछने की शरम आई." माझ्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मला सारखं पिशोर गाव आठवतंय. मी दहा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि लसीचा डबा खांद्याला लावून मी तुझ्यामागं चाललेय. सकाळी विहाराच्या ओसरीवरचं लसीकरण झालंय, आता बाजाराच्या गल्लीतली घरं. एका घराचं दार अर्धंच उघडतं. तू आत डोकावून म्हणतेस, "बच्चा किधर हाय तुम्हारा? उसकू सुई टोचना हाय." आतली बाई ओढणीचा पदर तोंडाला लावून हसते, दार सगळं उघडते. आणि मी मोठ्यानं म्हणते, "आई, हाय नाही, है म्हणतात." बाईचं हसू थांबलं. बाळाला सुई मिळाली, पण चहा विचारायचा राहिला. गल्लीच्या टोकाला तू थांबलीस. तू कधी ओरडायची नाहीस, तेव्हाही ओरडली नाहीस.

"शाळंत तुझं बरोबर आसंल. पर ती हसली म्हणून दार उघडलं ना? तू मधी तोंड घातलंस अन् तिला वाटलं, आपण नर्सबाईला हसलो. मला चुकू देत जा. लई लाज नाय वाटत मला."

अर्ज घरी आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सगळं मी सरांना सांगितलं, मुलीचंही आणि तुझंही. सरांनी अर्ज पुन्हा पुढं ओढला. मग म्हणाले, "पण बाई, पुस्तकातली उर्दू तुमच्या बस्तीत कुणी बोलत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे सर. वर्गातनं सुरुवात करते, पुढचं त्या बायकाच शिकवतील." त्यांनी सही केली. वर म्हणाले, "वेळापत्रक तुमचं तुम्ही जमवा, विभाग काही करणार नाही." मी केंद्रातली पाळी बदलून घेतली.

आता मंगळवार-गुरुवार दुपारी उर्दू असते. शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, फार मऊ बोलतात. ओळ उजवीकडून सुरू करायची, तर माझा हात सवयीनं डाव्या टोकाला जातो. एकाच अक्षराला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिला तर एक, वर दिला तर दुसरं, आणि मी नेमका चुकीच्या जागी देते. पण गेल्या आठवड्यात त्याच बस्तीत एका म्हाताऱ्या आजीनं माझं वाक्य मधेच तोडून नीट करून दिलं आणि शेजारी सरकून चटईवर जागा केली. तू असतीस तर बस स्टँडपासून घरापर्यंत तुला हेच सांगत आले असते.

तू गेलीस तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. तेव्हापासून कुठलाच निकाल सगळ्यात आधी कुणाला तरी सांगावा असं वाटलं नाही. हे पत्र वहीतच राहील. एक गोष्ट मात्र घरात अजून कुणाला ठाऊक नाही. उर्दूच्या पहिल्या चाचणीत मी नापास झाले, आई. वीसपैकी सहा.