पितृपक्षात आलेली मतपत्रिका

हेन्डरसन, ऑकलंड
धनत्रयोदशी

प्रिय रावसाहेब ड्रायव्हर यांस बापू कंडक्टरचा डबल बेल देऊन नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतोस, की बाटली फळीवर ठेवून तिला नुसता नमस्कार करतोस? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे मुलगा देवव्रत, सूनबाई श्रिया खुशाल. नात गार्गीला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते, म्हणजे आमचं बोलणं दोन खिडक्यांतून चालतं. रोज मोबाइलवर फुलांचे फोटो पाठवणाऱ्या बापूने एकदम कागद-पाकिटाचा खर्च का केला, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे. पण तू घाटात घाई करायचा नाहीस, तशी इथेही करू नकोस. स्टँड आला की सांगतो.

इथे आमच्या लोकल बोर्डाची निवडणूक झाली. (लोकल बोर्ड म्हणजे आपली नगरपालिकेची वॉर्ड समिती समज, फक्त चहा स्वतःच करून प्यायचा.) मला कायमचं राहायचं कार्ड मिळाल्यापासून मतही मिळालंय. उभी होती आपली अस्मिता. आपली म्हणजे पुण्याची. इथे फिजिओथेरपी करते. आम्हा म्हाताऱ्यांना ती चेहऱ्याने कमी आणि गुडघ्याने जास्त ओळखते. पक्ष नाही, पैसा नाही, भाड्याच्या घरातली ओल गेली पाहिजे, ग्रंथालय रविवारी उघडं पाहिजे, आणि आमच्या गल्लीतली बंद झालेली बस परत आली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. पेपरात तिला पुरोगामी म्हणाले. मकरंदराव (हे पुण्याचे निवृत्त इंजिनिअर, यांना सगळं माहीत असतं) त्याचा अर्थ अर्धा तास समजावत होते. मी म्हटलं, थांबा हो, बत्तीस वर्षं मी सातारा-दहिवडी गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडत होतो, मला पुरोगामी काय शिकवता!

बसचं तुला नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. मुलं-सुना सकाळी आठला कामावर, नातवंडं शाळेत. मग संध्याकाळी सहापर्यंत घरात आपण आणि फ्रिजचा आवाज. पूर्वी बस होती तेव्हा ग्रंथालयात जाता यायचं, आठवड्याला भजन व्हायचं. बस गेली आणि शेजारच्या गल्लीतल्या विमलताई एकोणऐंशीव्या वर्षी खिडकीच्या झाल्या. मला म्हणाल्या, "बापू, काल दिवसभरात मी फक्त कुकरशी बोलले." तुझी वहिनी सरोज गेल्यापासून मलाही कुकरचा स्वभाव बराच कळायला लागलाय. तेव्हा ही निवडणूक आम्हाला गंमत नव्हती रे.

इथे मतदान घरी येतं. टपालाने पाकीट येतं, त्यात मतपत्रिका, खूण करायची आणि बंद करून परत पाठवायची. सरकारने सोय उत्तम केली, पण कालनिर्णय बघितलं नाही. पाकिटं आली ती ऐन पितृपक्षात! विमलताईंनी ते चिमटीत धरून देवघरात नेऊन ठेवलं. "पितर जेवायला येतात त्या दिवसांत मी बाई कुणाला निवडून-बिवडून देणार नाही. पोरीचं वाटोळं व्हायचं." झालं! त्यांचा शब्द म्हणजे डेपो मॅनेजरचा शब्द. घरोघरची पाकिटं देवांपुढे गेली. काहींना हळदकुंकूही लागलं. मी माझं सरोजच्या फोटोमागे ठेवलं. तिला विचारल्याशिवाय मी कधी रजेचा अर्जसुद्धा दिला नव्हता, हे तुला ठाऊक आहे.

अस्मिताला कळलं तेव्हा तिने लगेच फोन लावला. "बापूकाका, म्हणजे माझे सगळे मतदार पंधरा दिवस सुट्टीवर?"

म्हटलं, "पंधरा नाही गं. पुढे नवरात्र. घट बसलेले असताना विमलताई उठत नाहीत. दसऱ्याला करू."

"काका, समोरचा माणूस नऊ वर्षं बोर्डावर आहे. त्याच्या मतदारांची पाकिटं टाकूनसुद्धा झाली!"

"त्याचे पितर वेगळे," मी म्हटलं. ती हसली, पण मनापासून नाही.

त्यात मकरंदरावांनी भर घातली. त्यांची मुलगी अमेरिकेत. तिकडे म्हणे कोऱ्या ओळीवर आपल्या हाताने कुणाचंही नाव लिहून मत देता येतं, अशी माणसं विधिमंडळाला उभी राहतात. "मग अस्मिताला बोर्डावर कशाला अडकवायची? महापौराच्या चौकटीखालीच लिहू!" तिघांनी पेनांची टोपणं काढलीसुद्धा. मी लगेच अस्मिताला फोन लावला. ती एवढ्याने ओरडली की विमलताईंना कानयंत्राशिवाय ऐकू आलं. "अहो, इथे असं लिहिलं तर मत बाद! फक्त खूण करा! आणि पाकीट ज्याचं त्याने टाका, काका, तुम्ही एकाचंही हातात घ्यायचं नाही." टोपणं परत बसली.

दसरा उजाडला तो भुरभुर पावसात. आमच्या गल्लीतली पोस्टाची पेटी तर बसच्याही आधी गेलेली. सुपरमार्केटमधली नारिंगी मतपेटी दोन किलोमीटरवर. ठरलं, यंदाचं सीमोल्लंघन तिथपर्यंत. एकतीस जण जमले. भरजरी साड्या, त्यावर रेनकोट, डोक्याला टोप्या, पायात जॅन्डल्स (म्हणजे आपल्या स्लिपरा), आणि प्रत्येकाच्या छातीशी पाकीट. आपटा इथे मिळत नाही, म्हणून कुंपणावरच्या पोहुतुकावा नावाच्या इथल्या झाडाची पानं सोनं म्हणून वाटली. पण शंभर पावलं गेलो आणि विमलताई दुसऱ्याच्या फाटकाला धरून उभ्या. "तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच नमस्कार करते." रावसाहेब, ज्या बसपायी निघालो, ती नाही म्हणूनच आम्ही तिथे अडकलो होतो. मला त्या क्षणी तुझी फार आठवण झाली. तू असतास तर कुणाची तरी गाडी काढली असतीस.

तेवढ्यात शेजारच्या सामोअन चर्चची बारा सीटची व्हॅन थांबली. चालवणारी सिना म्हणून अंगाखांद्याने भरलेली, हसरी बाई. किया ओरा (म्हणजे इथला रामराम) झालं, एवढ्या नटून लग्नाला का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मत द्यायला. ती पोट धरून हसली आणि दार उघडलं. मग बाबा माझ्या अंगात डेपो संचारला! तीन खेपा केल्या. पट्टे लावले, माणसं मोजली, मकरंदरावांना खिडकीची सीट नाकारली, दोनदा पत्र्यावर थाप मारून "जाऊ द्या!" म्हणालो. 'पुढे सरका' म्हणजे काय, सिनाने विचारलं. म्हटलं, आमच्या उमेदवाराचा जाहीरनामा आहे. तिसऱ्या खेपेला तीही 'पुधे सर्का' ओरडत होती. मतपेटीपाशी विमलताईंनी पाकीट कपाळाला लावून आत सोडलं, वर पोहुतुकावाचं पानही टाकत होत्या, ते मी अडवलं.

पहिल्या मोजणीत अस्मिता अकरा मतांनी मागे. दोन दिवस आम्ही फोनपाशीच बसून. शेवटची मोजणी झाली आणि पोरगी एकोणीस मतांनी आली! फोनवर रडत होती. बस काही उद्या येणार नाही. बोर्ड बस चालवत नाही, चालवणाऱ्याच्या मागे लागतं, म्हणजे आपल्या कंडक्टरसारखंच. पण पहिल्याच बैठकीच्या यादीत तिने बसचा विषय घातलाय, आणि तोवर सिनाची व्हॅन दर गुरुवारी येते. भजन पुन्हा सुरू झालं. विमलताई आता कुकरशी बोलत नाहीत, त्याला शिट्ट्यांवर सोडून निघून येतात. येत्या रविवारी इथल्या मराठी मंडळातर्फे 'मतदानाचे सारथी' म्हणून माझा शाल-नारळ आहे.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
बापू

ता. क. सोबत एक बंद पाकीट आहे, ते उघडू नकोस. आज सकाळी सरोजच्या फोटोला दिवाळीचा नवा हार घालायला फोटो उतरवला, तर मागून ते पडलं. एकतीस माणसं मोजली, माझं मत घरी राहिलं. सबंध गाडीची तिकिटं फाडली आणि कंडक्टर बिनतिकिटाचा! इथे रद्दीत टाकता येत नाही, कारण श्रिया रद्दीच्या डब्यातला कागद न् कागद निवडते. म्हणून हे पत्र. तुझ्या खाकी ड्रेसच्या ट्रंकेत तळाला ठेव, आणि देवव्रतचा फोन आला तर तोंडाला कुलूप.

ता. क. २ हे लिहून झालं आणि राहवेना. अस्मिताला फोन करून सांगून टाकलं. ती म्हणाली, "काका, एकोणीस होती ना? वीसवं काकूंच्या नावाने राहू दे." तेव्हा तळाला लपवू नकोस, ट्रंकेतच पण वरती ठेव. शाल घेणार आहे, थंडी फार आहे.

ता. क. ३ पुढची निवडणूक तीन वर्षांनी. पितृपक्ष असो नाहीतर ग्रहण, पहिलं पाकीट माझं. तोवर मीच पितरांत जाऊन बसलो नाही म्हणजे झालं.