रिद्धीचा बोंबलांचा प्रकल्प

१२ जानेवारी
अठ्ठावन्न प्रकल्प! विषय ‘माझ्या घरचं काम’. सांडोरची केळीची वाडी असो की चांदीपचं भातशेत — सगळ्यांची सुरुवात ‘आजच्या वेगवान युगात’. कंटाळले बाई. निदान नियम तरी पाळलाय पोरांनी — एआय वापरा, पण कुठे वापरलं ते शेवटच्या पानावर लिहा.

१४ जानेवारी
अर्नाळ्याची रिद्धी. आई बोंबील सुकवते. ही पोरगी वर्गात हात नाचवून सांगत होती — बोंबील जोडीने टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून! प्रकल्पात त्यातलं काहीच नाही. ‘मासळी सुकवणे ही पर्यावरणपूरक पारंपरिक प्रक्रिया आहे.’ आणि शेवटच्या पानावर काय, तर ‘मी स्वतः लिहिले.’ इतकं धडधडीत खोटं! फार लागलं मनाला.

बोलावलं. मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, लिहिलं मीच. भाषा तेवढी एआयकडून नीट करून घेतली.” सगळे हेच म्हणतात.

१६ जानेवारी
कॉलेजच्या एआय समितीची बैठक. अध्यक्ष मी — दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. रिद्धीला शून्य. प्रकल्पात शून्य म्हणजे मराठीत नापासच. समितीतले यतीन सर म्हणाले, “तिचा डिसेंबरचा पहिला खर्डा बघूया का एकदा?” मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. डोकं ठणकत होतं. घरी जायचं होतं.

१९ जानेवारी
रिद्धी आली नाही.

२२ जानेवारी
आजही नाही. तिची आई आली, नर्मदाबाई. स्टाफरूमच्या दारातच उभी. “बाई, पोरगी कालेजला येनार नाय म्हनते. चार दिस माझ्या मागं मागं फिरून लिवत होती. मी पानी भरता भरता सांगत होते. खोटं कसं असेल?”

‘बसा’ म्हणायचं राहून गेलं.

२३ जानेवारी
तपासून, परत जमा करून घेतलेल्या डिसेंबरच्या खर्ड्यांचा गठ्ठा आज सोडला. रिद्धीची नऊ पानं. सगळी तिच्या हातची. नर्मदाबाई त्यात बोलताहेत, काल बोलल्या तशाच. बोंबलांचे जबडेही आहेत. पानोपानी लाल रेघा. शेवटी लाल शाईत शेरा — ‘असं घरच्या भाषेत लिहू नये. भाषा नीट करून आण.’

खाली माझी सही.